तक्तपोशीवरील डाग

फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें व्हर्सायच्या राजवाड्यांत संगमरवराच्या जमिनी करविल्या होत्या. संगमरवर दिसावयास उत्तम. पण तो स्वच्छ राहावा म्हणून वरचेवर पाण्यानें धुवावा लागे, आणि तें पाणी सांध्यांतून झिरपून जमीन तोलून धरणाऱ्या लाकडी कड्या कुजवीत असे. अखेर १६८४ सालीं तेथें संगमरवराच्या जागीं ओकच्या लाकडाच्या जमिनी बसविण्यास आरंभ झाला. चौकोनी चौकट आणि तिच्यांत तिरप्या गुंफलेल्या पट्ट्या, अशी ही रचना व्हर्सायच्याच नांवानें आजहि ओळखली जाते व आजहि केली जाते. राजाच्या पायाखालचा दगड हटवून तेथें लाकूड आलें तें पाण्याच्या भयानें आलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लाकडी जमिनीचे पुढील बहुतेक भोग या पाण्यानेंच ओढवले.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांतून सागवानी कडीपाट भरपूर असे. परंतु माडीच्या फळ्यांवर बहुधा माती घालून ती सारवलेली असे. त्यामुळें लाकूड खालच्या मजल्यावर बसलेल्यास छताच्या रूपानें दिसे, वर चालणाऱ्याच्या पायाला तें लागत नसे. सारवणाचें मोठें सुख असें कीं, पोपडा निघाला किंवा डाग पडला तर नवा हात फिरविला कीं जमीन पुन्हां सारखी. उघड्या तक्तपोशीला, म्हणजे फळ्यांच्या जमिनीला, हें सुख नाहीं. तिच्यावर पडलेला डाग एक तर झांकावा लागतो, नाहीं तर धुवून काढावा लागतो, आणि दोन्ही उपाय हरले म्हणजे लाकूडच खरवडावें लागतें. खरवडलेलें लाकूड परत येत नाहीं. ही जमीन दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पिढीनें तिच्या आयुष्यांतून थोडें थोडें कापून घेतलें आहे. किती कापलें, आणि न कापतां भागविण्याची युक्ति कोठून आली, ही हकिकत मोठी मनोरंजक आहे. आणि तिचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येऊन पोंचतो.

पाणी नको म्हटल्यावर लाकूड स्वच्छ ठेवावयाचें कसें? फ्रान्सनें याचें उत्तर मेणांत शोधलें. तेथें ‘फ्रोतर’, म्हणजे घासणारा, या नांवाचा एक स्वतंत्र धंदाच निर्माण झाला. हा गडी पायाला ब्रश बांधी आणि मेण लावलेल्या जमिनीवर एका पायावर भार देत, दुसरा पाय पुढेंमागें सरकवीत, नाचल्यासारखा खोलीभर फिरे. पाहणारास मौज वाटे. त्याच्या पोटऱ्यांना काय वाटे, तें त्यालाच ठाऊक. मेणांत पिवळा किंवा तांबूस रंग मिसळण्याचीहि चाल होती, आणि तिला तसेंच कारण होतें. ओकच्या एकाच जमिनींत एक पट्टी फिकी तर शेजारची गडद निघते; खिडकीपाशीं उन्हानें एक रंग चढतो, पलंगाखालीं दुसराच राहतो. हा विसंवाद रंगीत मेणाखालीं बराचसा झांकला जाई. मेणाचा लेप जेथें पावलें अधिक पडत तेथें आधीं झिजे, आणि दारापासून खिडकीपर्यंत एक निस्तेज पायवाट उमटे. मग तेवढ्याच जागीं पुन्हां मेण द्यावयाचें आणि पुन्हां नाचावयाचें. या पद्धतींत श्रम अपार होते, पण लाकडाची एक कपचीहि खर्ची पडत नसे. उणीव एवढीच कीं, मेण पाण्याला फारसें अडवीत नाहीं आणि धुळीला धरून ठेवतें. शिवाय एकदां लाकडाच्या रंध्रांत मुरलें म्हणजे त्यावर पुढें दुसरा कोणताहि रोगण नीट चिकटत नाहीं.

इंग्लंडांत निराळी रीत होती. तेथें साधारण घरांतील फळ्या कांहीं न लावतां उघड्याच ठेवीत आणि मोलकरणी त्या वाळूनें घासून काढीत. पाइनच्या फळ्या घासून घासून पांढऱ्याफेक दिसूं लागल्या म्हणजे घरच्या बाईच्या टापटिपीची तारीफ होई. डाग राहत नसे हें खरें. पण डागाबरोबर फळीहि जात असे. लाकडाच्या वर्षावर्षाच्या वलयांत एक मऊ थर व एक कठीण थर असतो. वाळू मऊ थराला आधीं खाते, कठीण रेषा उंच राहतात, गांठी तर टेंगळांसारख्या वर येतात. अशी जमीन स्वच्छ असते, परंतु तिच्यावर मेज ठेवलें तर तें डुगडुगतें.

जहाजांवर हा प्रकार कळसास पोंचला होता. डेकवर ओली वाळू पसरून खलाशी गुडघे टेकून रांगेनें बसत आणि मऊ वालुकाश्माच्या ठोकळ्यांनीं फळ्या घाशीत. या दगडाला इंग्रज खलाशी ‘पवित्र दगड’ म्हणत. प्रार्थनेला बसल्यासारखे गुडघे टेकावे लागत म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. मोठ्या दगडाला ‘बायबल’ आणि कोपऱ्यांत चालवावयाच्या लहान दगडाला ‘प्रार्थनापोथी’ हीं नांवेंहि त्यांनींच दिलीं. ज्याला थंडींत पहांटे अनवाणी पायांनीं हें काम करावें लागे, त्याला विनोदबुद्धीखेरीज दुसरा आधार तरी कोणता होता? या घासण्याचा हिशेब अखेर कोणी मांडला, तर अमेरिकेच्या आरमारानें. त्यानें १९३१ सालीं हुकूम काढून या दगडांचा उपयोग मर्यादित केला; कारण दगडानें डेक इतके झपाट्यानें झिजत कीं, ते दुरुस्त करण्याचा व बदलण्याचा खर्च तुटपुंज्या तरतुदींत बसेना. खलाशांच्या गुडघ्यांनीं शंभर वर्षें केलेली तक्रार जें करूं शकली नाहीं, तें जमाखर्चाच्या वहीनें केलें.

आतां डाग म्हणजे मुळांत काय, हें थोडें पाहिलें पाहिजे. लाकडी जमिनीवर डाग दोन ठिकाणीं पडतो: वरच्या लेपांत, किंवा प्रत्यक्ष लाकडाच्या पोटांत. गरम भांडें टेकलें किंवा ओला पेला राहिला कीं पांढुरकें वर्तुळ उमटतें. तें बहुधा लेपांतच असतें. लेपांत अडकलेल्या ओलाव्यानें प्रकाश विखुरतो, म्हणून तेथें धुकें दिसतें. काळा डाग मात्र आंतला असतो आणि त्याची जात निराळी. ओकच्या लाकडांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य विपुल असतें. पाण्याच्या संगतीनें लोखंडाचा अंश त्याला भेटला कीं निळसर काळा रंग तयार होतो. हा चमत्कार महाराष्ट्रांतील रंगाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होता. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस पडला कीं तो काळाभोर होतो, तो याच न्यायानें. हिरड्यांत टॅनिन आणि हिराकसांत लोखंड. युरोपांत ज्या शाईनें शतकानुशतकें दस्तऐवज लिहिले गेले, ती शाईहि ओकच्या झाडावरील गांठी व हिराकस यांचीच. म्हणजे ओकच्या जमिनींत ठोकलेला लोखंडी खिळा आणि त्यावर सांडलेलें पाणी मिळून फळीच्या आंत शाईच तयार करीत असतात.

सागाची गोष्ट या बाबतींत फार वेगळी. त्याच्या अंगांत तेल असतें, पाणी त्याला सहजासहजीं नमवीत नाहीं, आणि ओक जसा लोखंडी खिळ्याला खातो तसा साग खात नाहीं. इंग्लंडांत चांगल्या ओकची टंचाई पडली तेव्हां ब्रिटिश आरमाराची दृष्टि मुंबईच्या गोदीकडे वळली, तिला हा गुणहि कारण होता. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं मुंबईंत बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज १८१७ सालीं पाण्यांत सोडलें गेलें. इंग्लंडांत हार्टलपूल येथें तें आजहि तरंगत्या स्थितींत जतन केलेलें आहे.

पोटांतला काळा डाग खरवडून काढावयाचा तर पुष्कळ खोल जावें लागतें. शाई फळींत मुरलेली असते. रसायनशास्त्रानें यावर एक तोडगा दिला. चुका, आंबुशी यांच्या पानांत जें आंबट अम्ल असतें, त्याचें नांव ऑक्झॅलिक अम्ल. तें लोखंडाला टॅनिनपासून सोडवून आपल्याकडे ओढून घेतें आणि पाण्यांत विरघळेल असें करतें. डाग फिका पडत पडत नाहींसा होतो. कपड्यांवरील शाईचे डाग काढण्यास याचा उपयोग जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत हें अम्ल कारखान्यांत लाकडाचा भुसा दाहक क्षारांबरोबर तापवून काढीत, म्हणजे लाकडाचा डाग काढावयाला लाकूडच कामीं आलें. मात्र हें अम्ल विषारी आहे. तें उघड्या हातानें हाताळूं नये, वाळल्यावर त्याची भुकटी श्वासांत जाऊं देऊं नये, आणि काम संपतांच जमीन स्वच्छ पाण्यानें पुसून घ्यावी. दुसरें असें कीं, तें नुसत्या डागावर लावलें तर काळ्या डागाच्या जागीं पांढरट डाग होतो. निदान ती फळी तरी टोंकापासून टोंकापर्यंत सारखी धुवून काढावी लागते. आणि फळीवर मेण अगर रोगण असेल तर अम्ल लाकडापर्यंत पोंचतच नाहीं. पुष्कळ लोक येथेंच फसतात.

लेपाचा प्रश्न मात्र वेगळ्या दिशेनें सुटला, आणि तेथें या हकिकतींत हिंदुस्थानचा प्रवेश होतो. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो, झाडाचा रस शोषतो आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच रचतो. तीच लाख. पांडवांना जाळण्यासाठीं रचलेल्या लाक्षागृहाची कथा घरोघरीं ठाऊक आहे, तेव्हां लाखेची ओळख या देशाला नवी नाहीं. युरोपला तिची शास्त्रीय ओळख करून देणारांत गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अग्रगण्य. गोव्यांत स्थायिक झालेल्या, आणि मुंबई बेटाचा मक्ता एके काळीं ज्याच्याकडे होता अशा, या माणसाचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला, आणि त्यांतील एक संवाद लाखेवर आहे. लाख मुंग्या करतात, असा त्याचा समज होता. पुढें वीस वर्षांनीं गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन यानें १५९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत लाकूड चरकावर फिरवून त्यावर लाख चढविण्याची रीत वर्णिली. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवावयाची, घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळते आणि रंगीत पापुद्रा बसतो. सावंतवाडीचें लाखकाम ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हें अधिक सांगावयास नको. लाखेचा खरा कर्ता कीटक कसा जगतो, याचें नीट वर्णन जेम्स कर यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत १७८१ सालीं केलें. त्या कीटकाच्या शास्त्रीय नांवांत आज करचेंच नांव आहे.

फांद्यांवरून खरवडलेली लाख कुटून धुतात, तेव्हां तिच्यांतला तांबडा रंग निघून जातो. पूर्वीं या रंगालाहि मोठा भाव होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृत्रिम रंग आले आणि तो बसला. मग उरलेले दाणे लांबलचक कापडी पिशवींत भरून ती निखाऱ्यांच्या भट्टीसमोर धरावयाची आणि दुसऱ्या टोंकानें पिळीत जावयाची. लाख वितळून कापडांतून पाझरते. ती गोळा करून एक कारागीर हातांनीं, पायांच्या बोटांनीं आणि दांतांनीं धरून चारी बाजूंस ताणतो, आणि तिचा पातळ, पारदर्शक, नारिंगी पत्रा होतो. तो फोडला कीं झाला चपडा. छोटा नागपूर, बंगाल, मध्यप्रांत या भागांतील वनवासी कुटुंबें लाख गोळा करीत, आणि कलकत्त्याहून हा चपडा जगभर जाई. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या ज्यांच्या घरीं अजून असतील, त्यांना ठाऊक असेल कीं त्याहि याच लाखेच्या. जेथें तबकडी गात होती, त्या दिवाणखान्याच्या जमिनीवरहि पुष्कळदां लाखच असे.

चपडा मद्यार्कांत विरघळतो. हें द्रावण फडक्यानें किंवा ब्रशानें लाकडावर फिरविलें कीं मद्यार्क उडून जातो आणि चकचकीत पापुद्रा राहतो. ऑक्सफर्डला १६८८ सालीं स्टॉकर व पार्कर या दोघांनीं रोगणावर जें पुस्तक छापलें, त्यांत लाखेच्या रोगणाचे पाठ आहेत; पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ‘फ्रेंच पॉलिश’ या नांवानें हीच विद्या घरोघरच्या लाकूडसामानावर आली. जमिनीच्या दृष्टीनें लाखेचा अत्यंत मोलाचा गुण असा कीं, तिचा नवा हात जुन्या हातांतच विरघळून एकजीव होतो. जवसाच्या तेलाच्या रोगणाचें तसें नाहीं. तें वाळतांना त्याची रचनाच बदलते, तें पुन्हां विरघळत नाहीं, आणि त्यावर ठिगळ दिलें तर ठिगळाची कड कायमची दिसते. लाखेच्या जमिनीवर ओरखडा उठला, पांढरें वर्तुळ पडलें, पायवाट झिजली, तर तेवढ्या जागीं मद्यार्काचा ओलसर बोळा फिरवावा, थोडी लाख द्यावी, आणि डाग विरून जातो. सारवणाचें जें सुख वर सांगितलें, तें उघड्या लाकडाला मिळालें तें या कीटकाच्या कृपेनें. लाखेचे दोषहि आहेत: पाण्यानें ती पांढुरते, उष्णतेनें मऊ पडते, आणि दारूचा पेला उलटला तर तिची धडगत नाहीं. पण हे सारे दोष लाकडाच्या वरच राहतात.

खरवडण्याचें काम अर्थात् थांबलें नाहीं. तें कसें चाले, याचा उत्तम पुरावा एका चित्रांत आहे. गुस्ताव्ह कायबोत या सधन तरुणानें १८७५ सालीं पॅरिसमधील आपल्या कुटुंबाच्या घरांत काम करणारे तीन मजूर रंगविले. कमरेपर्यंत उघडे, गुडघ्यांवर बसलेले, हात लांब पुढें टाकून जमिनीशीं जवळजवळ समांतर झालेले. बाल्कनीच्या खिडकींतून पाठीमागून उजेड येतो, आणि त्या उजेडांत जमिनीचे लांब पट्टे आलटून पालटून काळसर चकचकीत व फिके निस्तेज दिसतात. जुनें रोगण कोठें अजून आहे आणि कोठें निघालें आहे, हें त्यावरून स्पष्ट कळतें. रंध्याच्या व पात्याच्या मुखांतून निघालेल्या लाकडाच्या वळ्या सभोंवतीं पसरल्या आहेत. उजवीकडे दारूची बाटली व पेला आहे. सुताराला या चित्रांत जें दिसेल तें रसिकाला दिसणार नाहीं. फळी ओलाव्यानें फुगली, वाळली, पुन्हां फुगली, कीं तिच्या कडा उचलल्या जातात आणि मध्यभाग खोलगट राहतो. अशा जमिनीवर रोगण कधींच सारखें बसत नाहीं. आधीं उंच भाग रंध्यानें उतरवावयाचा आणि मग पोलादी पात्यानें सर्व पृष्ठ सारखें करावयाचें, हा या कामाचा क्रम. पातें वारंवार कानशीनें परजावें लागतें. दिवसाकांठीं एका खोलीचा कांहीं भागच उरकतो.

पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनानें हें चित्र १८७५ सालीं नाकारलें. शेतकऱ्यांचीं चित्रें तोंवर प्रदर्शनांत खुशाल लागत होतीं. शहरांतला उघडाबंब मजूर आणि तोहि दिवाणखान्याच्या जमिनीवर, हें मात्र परीक्षकांना रुचलें नसावें. पुढच्या वर्षीं कायबोतनें तें इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनांत मांडलें. चित्रकार १८९४ सालीं वारला, तेव्हां त्याच्या वारसांनीं तें फ्रेंच सरकारला दिलें, आणि आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. लोक त्यांतल्या उजेडाची स्तुति करतात. त्या तिघांच्या गुडघ्यांखालीं कांहीं अंथरलेलें नाहीं, इकडेहि पाहावें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाचें केंद्र अमेरिकेंत सरकलें. तेथें ओक, मेपल अशा कठीण लाकडांच्या, एकीची जीभ दुसरीच्या खांचेंत बसेल अशा पट्ट्या यंत्रावर कापून निघूं लागल्या, आणि राजवाड्यांतली वस्तु मध्यम वर्गाच्या घरांत आली. जमीन आली, तशी तिची चिंताहि आली. विस्कॉन्सिन संस्थानांत रसीन येथें सॅम्युएल जॉन्सन नांवाच्या गृहस्थानें १८८६ सालीं लाकडी नक्षीच्या जमिनी विकण्याचा धंदा विकत घेतला. गिऱ्हाइकें जमीन घेऊन जात आणि थोड्याच दिवसांनीं ती कशी राखावी असें विचारीत येत. तेव्हां त्यानें स्वतः मेणाचें मिश्रण करून द्यावयास सुरवात केली. १८९८ सालापर्यंत अशी स्थिति आली कीं, मेण, रोगण वगैरेंची विक्री जमिनींच्या विक्रीच्या पुढें गेली. जमीन एकदांच विकली जाते, पण तिची काळजी जन्मभर विकतां येते, हें त्याला उमगलें होतें. आणि त्याच्या नांवाचें मेण पुढें जगभर गेलें.

याच सुमारास विजेवर फिरणारीं घासण्याचीं यंत्रें आलीं. काचकागद गुंडाळलेला फिरता ढोल माणसानें उभ्यानें ढकलावयाचा. कायबोतच्या तिघांना जें काम दिवसेंदिवस पुरे, तें एका माणसानें दुपारपर्यंत संपवावें. गुडघे सुटले, हा उपकार लहान नव्हे. परंतु यंत्रानें आपले नवे दोषहि आणले. ढोल क्षणभर एके जागीं थांबला कीं तेथें खळगा पडतो. त्याच्या थरथरीनें जमिनीवर बारीक लाटा उठतात, त्या कोऱ्या लाकडावर दिसत नाहींत आणि रोगण चढल्यावर तिरप्या उजेडांत एकाएकीं प्रकट होतात. ढोल भिंतीपर्यंत पोंचत नाहीं, म्हणून कडेचा हातभर पट्टा दुसऱ्या, चकतीच्या यंत्रानें घासावा लागतो. एका भागावर कागद जाडा, दुसऱ्यावर बारीक. मग रंग दिला कीं जाड घासलेलें लाकूड अधिक पितें व गडद होतें, गुळगुळीत लाकूड कमी पितें व फिकें राहतें, आणि खोलीभोंवतीं चित्राच्या चौकटीसारखी कड उमटते. आज ज्याला लोक रोगण बिघडलें असें म्हणतात, तें पुष्कळदां रोगणाचें पाप नसून त्याखालील घासकामाचें असतें. सर्वत्र शेवटचा हात एकाच जाडीच्या कागदाचा फिरला असता तर तें टळलें असतें.

यंत्राचा मोठा धोका तर दिसत नाहीं. पाऊण इंच जाडीच्या पट्टींत जिभेच्या वर सुमारें पाव इंच लाकूड असतें. जमिनीचें सारें आयुष्य त्या पाव इंचांत आहे. एका पुरत्या घासण्यांत त्यांतलें सुमारें एक-बत्तिसांश इंच जातें. अनाडी हातांत अधिक. जिभेपर्यंत पोंचलें कीं खिळ्यांचीं डोकीं वर येतात, खांचेच्या कडा पातळ होऊन चिरफळतात, आणि मग दुरुस्ती उरत नाहीं. हातपात्याच्या काळीं श्रमच इतके होते कीं, माणूस निष्कारण खरवडावयास जात नसे. यंत्रानें तो संकोच घालविला.

लाखेवरहि संक्रांत आली. बेकलंड हा रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभीं चपड्याला पर्याय शोधीत होता. त्या शोधांतून बेकेलाइट निघालें. त्यामागून दुसरीं कृत्रिम राळ-रोगणें आलीं. हिंदुस्थानांत या संकटाची दखल घेऊन रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं संस्था निघाली. लाखेचा कीटक, झाडें, चपड्याचे उपयोग यांचा अभ्यास तेथें चालला. परंतु बाजाराचा ओघ फिरला होता. १९४८ नंतर ग्रामोफोनच्या तबकड्या व्हिनाइलच्या होऊं लागल्या, आणि जमिनीवर पॉलियुरेथेनचें रोगण आलें. हें रोगण पाण्याला, दारूला, पादत्राणांना दाद देत नाहीं. त्या बाबतींत लाख त्याच्या पासंगासहि पुरत नाहीं. पण तें एकदां झिजलें कीं त्याला डागापुरतें जोडतां येत नाहीं. खालीं जुनें मेण राहिलें असेल तर नवा हात धरतच नाहीं, माशाच्या डोळ्यांसारखे ठिपके पडतात किंवा पापुद्रे सुटतात. अशा वेळीं सारी खोली पुन्हां घासण्यावांचून बहुधा गत्यंतर राहत नाहीं. म्हणजे बिघाड वरच्या कातड्याचा आणि दंड मात्र लाकडाला. टिकाऊपणाच्या या सौद्यांत एकंदरींत लाकूडच नाडलें गेलें, असें म्हणणें भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे अंथरण्याची चाल पडली आणि हजारों घरांतल्या ओकच्या जमिनी त्याखालीं गेल्या. पुढच्या पिढ्यांनीं ते गालिचे उचलले, तेव्हां खालीं कोठें कुंडीचें काळें वर्तुळ, कोठें पाळीव कुत्र्यानें घाण केल्याचा गडद डाग, कोठें गंजलेल्या खिळ्याची ओळ निघाली. गालिच्यानें जमीन झिजूं दिली नाहीं, आणि डाग वेळीं दिसूंहि दिले नाहींत.

आज जाणता कारागीर अशा जमिनीवर एकदम यंत्र चालवीत नाहीं. तो आधीं उंबऱ्यापाशीं किंवा एखाद्या झरोक्याच्या कडेशीं फळीची जाडी किती उरली आहे तें पाहतो. मग कोपऱ्यांत मद्यार्काचा एक थेंब टाकतो. लेप विरघळून चिकट झाला तर वर लाख आहे, आणि निम्मी चिंता तेथेंच मिटते. टर्पेंटाइन लावलेल्या चिंधीवर पिवळट थर आला तर मेण आहे. तें पुसून काढल्याखेरीज पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं. दोन्ही नसेल तर रोगण कृत्रिम आहे असें धरून चालतो. काळ्या डागाला अम्ल देतो, एकदां, दोनदां, वाट पाहून तिसऱ्यांदां. तरीहि डाग हटला नाहीं तर ती एक फळी बदलावयाची. पण नवी फळी जुन्या जमिनींत ठिगळासारखी दिसते, तिला पन्नास वर्षांचें ऊन कोठून आणावें? म्हणून तो आंतल्या खोलीच्या कपाटाखालची फळी उचकटून काढतो, जी त्याच घरांत, तितकींच वर्षें निजून राहिलेली आहे, आणि ती दिवाणखान्यांत बसवितो. नवी फळी कपाटाखालच्या अंधारांत जाते.